वाडीवरचा दिवस: अठरानंतर घरी बसलेल्या आपल्या माणसांसाठी वाडीत काम कसं सुरू करायचं

बौद्धिक दिव्यांगांची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते आणि मग घर. माझ्या भावाचं हेच झालं. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आता ३६ वर्षांचा आहे, आणि शाळा सुटल्यावर जवळजवळ नऊ वर्षं तो पडवीतल्या बाकड्यावर बसून रस्त्यावरच्या एसट्या मोजायचा. आई वेळेवर ताट वाढायची, कपडे काढून द्यायची, पण करायला काही नाही म्हटल्यावर त्याचं वजन वाढत गेलं आणि बोलणं कमी होत गेलं. मग एका आगोटीला आईचा पाय मुरगळला, आभाळ भरून आलेलं, पातेरा (झाडांचा वाळलेला पाला) अजून वाडीतच पडलेला, आणि भाऊ कोणी न सांगता उठला, टोपली घेतली आणि अंधार पडेपर्यंत गोठ्यात पातेरा आणून टाकत राहिला. त्या रात्री तो जेवताना बोलला, खूप दिवसांनी, "उद्या पण आहे."

आज आमच्या वाडीत आठवड्यातले तीन दिवस भावासारखे सातजण येतात. गुहागरकडची साधी नारळ-पोफळीची वाडी आहे, पाऊण एकरही भरणार नाही. लोक विचारतात कसं सुरू केलंत, आमच्याकडे पण जागा आहे, आमची पण बहीण घरी असते, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

ही कल्पना आपली एकट्याची नाही. हॉलंडमध्ये अशी शेतं हजारावर आहेत, नॉर्वे आणि ब्रिटनमध्येही आहेत, शेतकरी कुटुंब आपलं शेत नेहमीसारखं करतं आणि ज्यांना दिवसा आधार लागतो अशी मोठी माणसं तिथे येऊन कामात सामील होतात. तिकडे त्याचा बराचसा खर्च सरकारी काळजी-व्यवस्था उचलते, आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे त्यांचा साचा उचलून इथे बसवता येत नाही. पण त्यातली एक गोष्ट मात्र मनापासून घ्यावी अशी आहे, ती म्हणजे काम खरं असावं. मणी ओवायचे आणि संध्याकाळी कोणीतरी ते परत सोडवून ठेवायचे, असलं काम आमच्या लोकांना बरोबर कळतं. कोंबड्यांना पाणी दिलं नाही तर कोंबड्या ओरडतात, हे पण कळतं.

आणि याचीच दुसरी बाजू आधीच सांगते. कोकणात मजूर मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून "यांना लावू कामाला" असा विचार मनात असेल तर कृपा करून सुरू करू नका. वाडीला माणूस हवाय म्हणून नाही, माणसाला वाडी हवीय म्हणून हे करायचं. एखाद्या दिवशी काहीच काम झालं नाही आणि सगळे चिकूखाली बसून पेज प्यायले, तर तो दिवस वाया गेला असं ज्याला वाटणार नाही त्यानेच यात पडावं.

पहिले दोघं

दोघांपासून सुरू करा. आम्ही एकदम पाच घेतले होते आणि पहिल्या आठवड्यातच एकजण पंपाच्या आवाजाने घाबरून पाखाडीने (दगडी पायवाटेने) थेट रस्त्यावर गेला. नशीब चांगलं, समोरच्या काकूंनी ओळखला आणि हाताला धरून आणला. चूक आमचीच होती, आम्ही त्याच्या घरी जाऊन नीट बसून काही विचारलंच नव्हतं.

आता कोणालाही घेण्याआधी मी त्यांच्या घरी दोनदा जाते. फिट येते का, कशी येते, किती वेळ टिकते, गोळी कुठली आणि किती वाजता. घास अडकतो का. संडासला जायचं असेल तर कसं सांगतात. दुखलं तर काय करतात, कारण बरेचजण "दुखतंय" म्हणत नाहीत, कोणी कान ओढतं, कोणी नुसतं गप्प होतं, कोणी चावतं. कशाला घाबरतात, कुत्रा, गाय, मिक्सर, फटाके. आणि काय आवडतं, हे तर सगळ्यात आधी. आमच्याकडच्या एका ताईंना (४१ वर्षांच्या आहेत, बोलत नाहीत) वस्तू ओळीत लावायला आवडतात, घरचे ते "खूळ" म्हणून सांगत होते. आज आमची सगळी सुपारी त्याच निवडतात, बारीक एकीकडे, मोठी एकीकडे, फुटकी बाजूला, आणि त्यांच्या हातून फुटकी सुपारी चांगल्यात गेलेली मी अजून पाहिली नाही.

डाऊन सिंड्रोम असेल तर हृदय, थायरॉइड आणि मान, या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारूनच कामाला सुरुवात करा. मानेचं मुद्दाम सांगते, काहीजणांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, आणि आपल्याकडे पाटी, हारा, मोळी सगळं डोक्यावर. आमच्या वाडीत डोक्यावर ओझं कोणीच घेत नाही, आम्हीपण नाही, कारण आम्ही घेतलं की ते बघून घेणार. घमेलं दोघांनी धरायचं किंवा चाकाची हातगाडी.

आणि एक, त्यांना "मुलं" म्हणू नका. "आमची मुलं आली का" असं मीसुद्धा म्हणायचे, एकदा एका दादांनी मान हलवून सांगितलं, "मुलं नाही. माणसं." गावात ज्याला जसं बोलवतात तसंच, दादा, ताई, काका, वहिनी. टाळ्या वाजवून शाब्बास शाब्बास करायचं नाही. काम चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणायचं आणि का चांगलं झालं तेही सांगायचं.

काम कसं फोडायचं

सगळ्यात जास्त विचार इथे लागतो. "पिशव्या भर" हे एक काम नाही, ती सहा-सात कामं आहेत. आमच्याकडे मे अखेरीपासून कलमांच्या नर्सरीसाठी पिशव्या भरतात, तेच उदाहरण घेऊ.

माती चाळायची. शेणखत आणि कुजलेला पातेरा मिसळायचा. पिशवी उघडायची, ही सगळ्यात अवघड पायरी आहे बरं का, नव्या पिशवीचं प्लास्टिक एकमेकाला चिकटलेलं असतं आणि ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे ते तिथेच वैतागतात. मग भरायची, ठोकून बसवायची, वरून चार बोटं रिकामी ठेवायची, ओळीत लावायची. आम्ही पिशवीत पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा बसवतो, पिशवी उघडीच राहते, पाईपातून माती ओतायची आणि पाईप वर ओढून काढायचा. चार बोटं रिकामी हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पिशवीवर मार्करने रेघ. मोजता येत नाही त्यांच्यासाठी फळीवर दहा गोल काढलेत, प्रत्येक गोलावर एक पिशवी बसली की फळी भरली, भरलेली फळी उचलायला मला हाक मारायची. असं केल्यावर जो माणूस "काहीच करत नाही" म्हणून आला होता तो फळीवर फळी भरून देतो.

शिकवताना एक युक्ती लक्षात ठेवा, शेवटची पायरी आधी शिकवा. पहिल्या दिवशी सगळं आपण करायचं आणि त्यांनी फक्त भरलेली पिशवी ओळीत ठेवायची, म्हणजे पूर्ण झालेलं काम त्यांच्याच हातून पूर्ण होतं. मग हळूहळू मागे सरकत यायचं. आणि बोलणं कमी करा. आपण एका दमात चार सूचना देतो, आणि त्यांच्या डोक्यात पहिली पोचेपर्यंत आपली चौथी झालेली असते. एक गोष्ट करून दाखवायची आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. माझ्याच्याने अजूनही कधी कधी थांबवत नाही, हात पुढे जातो, मग भाऊ माझा हात बाजूला करतो.

जूनमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या, कोवळं तांबूस रोप वर आलं की कलम बांधायचं. कलम बांधणारे आमचे काका आहेत, चाकू त्यांच्याच हातात, पण काडी देणं, पट्टी देणं, बांधलेलं कलम सावलीत नेऊन ठेवणं हे आमच्या लोकांचं. नवीन काही लावायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या लोकांना विचारा, नारळासाठी रत्नागिरीजवळ भाट्याचं केंद्र आहे.

बाकी वाडीत काम शोधावं लागत नाही. पडलेल्या झावळ्या ओढून आणणं, हीर काढून खराटे बांधणं, पोफळीच्या विऱ्या गोळा करणं, आळ्यात नारळाची सोडणं पसरणं, गांडूळखताच्या टाकीवर पाणी मारणं, कोंबड्या, परसातली अळू-मिरची, पावसानंतर कुळीथ आणि वाल. रतांब्याचे (कोकमाच्या फळांचे) दिवस तर मला सगळ्यात आवडतात, फळ फोडायचं, बिया वेगळ्या, सालं रसात बुडवून खळ्यात वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी परत रसात, परत उन्हात, असं पाच-सहा वेळा तरी. रोज तेच आणि रोज थोडं काळं पडत जाणारं, ज्यांना बदल सहन होत नाही त्यांना असं काम फार मानवतं. फक्त हाताला चिरा असतील तर रस झोंबतो, आधी हात बघून घ्या.

काजू मात्र नाही. बोंडापासून बी वेगळी करण्यापर्यंत ठीक आहे, पुढे भाजणं-फोडणं नाही, टरफलातल्या तेलाने कातडी जळते आणि तोच हात डोळ्याला लागला तर विचारू नका. आंब्याचा चीकही तसाच. आंबे उतरवताना आमची माणसं लांब असतात, चीक निथळून गेला की पेंढ्यात आढी लावायला येतात.

सकाळी आल्यावर फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन फोटो असतात, आज कोंबड्या का आज पिशव्या, स्वतः बोट ठेवायचं. दोन्ही नको असेल तर नको. चिखल हाताला लागलेला अजिबात सहन होत नाही असे आमच्यात दोघं आहेत, एकाला रबरी हातमोजे चालतात, दुसऱ्याला तेही नाही, ते काठीला बांधलेल्या पोहऱ्याने झाडांना पाणी घालतात.

विहीर, माड, फुरसं, समुद्र

हे आधी करा आणि मग माणसं बोलवा.

विहिरीला कमरेच्या वर कठडा आणि वर लोखंडी जाळी, कुलूपबंद. आमच्या भागात कितीतरी वाड्यांत विहिरी जमिनीलगत उघड्या आहेत आणि घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की दिसतच नाही. ज्यांना फिट येते त्यांच्यासाठी वीतभर पाण्याची टाकीसुद्धा धोक्याची. वाडीच्या मागचं बेडं किनाऱ्यावर उघडत असेल तर तिथे आतून कडी लावलेलं फाटक बसवा, आमच्याकडचे एक दादा समुद्राचा आवाज आला की चालू लागतात आणि पाण्यातही तसेच चालत जातील.

माडाखाली बसायची जागा करू नका. पाडप (नारळ उतरवणं) असेल त्या दिवशी सगळ्यांना घराच्या पुढच्या खळ्यात ठेवा किंवा सुट्टी द्या.

पातेरा, दगडांचा गडगा, झावळ्यांचा ढीग, इथे फुरसं (छोटा विषारी साप) असणारच, रत्नागिरीकडे ते किती आहे हे सांगायला नको. ढिगात हात घालायचा नाही, आधी लांब काठीने किंवा दाताळ्याने ओढायचं. पायात गमबूट, बाराही महिने. दर सुट्टीला आणि घरी जाताना सगळ्यांचे हात-पाय बघायचे, कारण न बोलणारा माणूस चावलं म्हणून सांगणार नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का हे आजच जाऊन विचारा आणि १०८ला फोन केला तर वाडीचा पत्ता कसा सांगायचा ते भिंतीवर लिहून ठेवा. चावलं तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही, हलू न देता सरळ दवाखाना.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर नाहीच नाही. आजूबाजूचं सामान हटवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, झटका ओसरला की कुशीवर वळवा, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्ध न येता परत आली तर १०८. डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला असेल तर तो कधी मारायचा हे घरच्यांकडून लिहून घ्या आणि त्या माणसाच्या पिशवीत तो रोज आलाय का बघा.

एप्रिल-मे मध्ये साडेदहानंतर उन्हात काम बंद. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो किंवा ऊन जास्त भाजतं, माणूस लाल झाला तरी तो थांबणार नाही, आपणच थांबवायचं. पाणी "हवंय का" विचारू नका, बरेचजण नाहीच म्हणतात, दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी मिळून प्यायचं, कोकम सरबत असेल तर कोणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, पाखाडीवर चुना किंवा वाळू टाका आणि बाजूने दोरी बांधा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाची) भीती असते, पाऊस सुरू झाला की आरोग्य केंद्रात विचारून घ्या काय काळजी घ्यायची ते.

बायकांबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहिते. आमच्या लोकांवर अत्याचार सहज होऊ शकतो आणि ते सांगू शकत नाहीत. त्यामुळे गटात एकही बाई असेल तर सोबत बाई हवीच, कपडे बदलणं, संडास, पाळीचं सगळं बाईच बघणार, पुरुषांचं पुरुष बघणार, बंद दाराआड एकट्याबरोबर एकटं कोणी नाही, मी पण नाही. मदतीला ठेवाल त्याची पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, ओळखीचा असला तरी. संडास जवळ, कमोडचा, धरायला दांडी लावलेला.

आमच्याकडे तिघांमागे एक सोबती असतो, आणि जे दादा समुद्राकडे जातात त्यांच्यासोबत वेगळा एकजण. त्याहून कमी माणसांत मी फाटक उघडत नाही, त्या दिवशी सुट्टी.

पैसे आणि कागद

दोन-चार शेजारपाजारची माणसं येऊन काम करतात इथवर घरगुती आहे, पण नियमित संस्था म्हणून चालवणार असाल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यात जाऊन आधी बोला. प्रत्येकाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का बघा, नसेल तर तेच पहिलं काम. १९९९च्या कायद्याने झालेल्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. किती घरांना हे माहीतच नसतं. "आमच्यानंतर काय" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे होतो, आई-वडील हिंडते-फिरते असतानाच त्या कामाला लागा. दिवसापुरता आधार पुरणार नसेल, राहायचीच सोय हवी असेल, तर पुण्याजवळ कोळवणला साधना व्हिलेज बघून या.

घरच्यांकडून आम्ही रिक्षा आणि खाण्याचा खर्च घेतो, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाही. कलमं, खराटे, आमसुलं, अंडी विकून जे येतं त्यातून खर्च वजा करून उरलेलं सातजणांत सारखं, कोणी किती पिशव्या भरल्या ते बघायचं नाही. शनिवारी पाकिटात, ज्याच्या त्याच्या हातात, आईच्या हातात नाही. पहिल्या पाकिटातून भावाने एसटीचं तिकीट काढलं, गुहागर ते चिपळूण आणि परत, मला सोबत घेऊन, खिडकी त्याची.

शेवटचं, वही. रोज संध्याकाळी प्रत्येकाबद्दल दोन ओळी, काय केलं, काय खाल्लं, काय वेगळं दिसलं. मागच्या भाद्रपदात वहीत तीन दिवस लागोपाठ लिहिलेलं होतं की सुपारीवाल्या ताई डाव्या हाताने निवडतायत. एरवी उजव्या हाताने निवडतात. घरी विचारलं तर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, दवाखान्यात नेलं तर मनगटाचं हाड मोडलेलं निघालं, घरीच न्हाणीत पडल्या होत्या. प्लास्टर निघेपर्यंत त्या न चुकता येत होत्या, आणि डाव्या हाताने निवडलेल्या सुपारीतसुद्धा फुटकी एक सापडली नाही.